माझे लेंगे आणि सिंगापूरचा उकाडा

खालापूर, मंगळवार दुपार

तीर्थस्वरूप सोनाताईच्या पायांवर धाकट्या आबाजीचं डोकं, आणि त्या डोक्यात सध्या फार राग आहे एवढं आधीच सांगून ठेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? कोंडाण्याची लेणी बघायला येणारे शहरी लोक अजून तुझ्याच ओटीवर पाणी मागतात का? (मागितलं तर द्यावं, पण गेल्या खेपेसारख्या खोबऱ्याच्या वड्या वाटत बसू नकोस.) आम्ही सगळे तब्येतीने बरे आहोत. मनाने मी बरा नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण माझं फोनवरचं बोलणं तुझ्या भावजयीला भिंतीपलीकडूनही ऐकू जातं, आणि ही गोष्ट तिच्या कानावर मुळीच जाता कामा नये.

ऋतिकाचे दिवस भरत आलेत आणि तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पुढच्या शुक्रवारी सिंगापूरला निघतोय, हे तुला ठाऊक आहेच. तर काय आणायचं आणि काय घालायचं याची यादी जावईबापू राजेशरावांनी पाठवली. त्यात लिहिलंय की तिथे बाराही महिने उकाडा असतो, हवा दमट असते आणि खूप घाम येतो. खालापुरात जन्म काढलेल्या माणसाला घाम समजावून सांगायचा का? तहसील कचेरीत छत्तीस वर्षं मी सातबारे लिहिले ते कोपराखाली टिपकागद ठेवून, नाहीतर लोकांच्या जमिनी पुसल्या गेल्या असत्या. पुढे लिहिलंय, फिकट रंगाचे, सैल, सुती कपडे आणावेत, छत्री आणावी आणि एक स्वेटर आणावा. (उकाड्याच्या गावाला स्वेटर. कारण म्हणे घरात, दुकानांत, गाड्यांत एसी इतका लावतात की दात वाजतात. म्हणजे बाहेर घाम गाळायचा आणि आत जाऊन तो गोठवायचा.)

तरी स्वेटरचं मी सोडून दिलं. पण फिकट, सैल आणि सुती, हे माझ्या लेंग्याचंच वर्णन झालं की नाही? धुऊन धुऊन माझे लेंगे असे मऊ पडलेत की अंगावर आहेत की नाहीत ते चाचपून बघावं लागतं. मी तसं म्हणताच मायलेकी एक झाल्या. प्राची म्हणाली, "बाबा, लेंगा घालून विमानात?" आणि तिची आई म्हणाली, "गुडघ्याला ठिगळ हाय त्याच्या. व्याही काय म्हनतील?" (व्याही नेरळला राहतात. ते सिंगापूरला येणारही नाहीत.) दोघींनी कर्जतला जाऊन माझ्यासाठी तीन हाफ पँटी आणि चार गुळगुळीत शर्ट आणले. चौसष्ट वर्षांत माझे गुडघे फक्त डॉक्टरांनी पाहिलेत. आणि त्या शर्टाला म्हणे घाम लागतच नाही. कसा लागेल, तो सगळा माझ्याकडेच राहतो.

मग मी शांत डोक्याने एक काम केलं. चार लेंगे आणि दोन बंड्या स्वतः धुतल्या, कडक उन्हात वाळवल्या, नीट घड्या घालून पिशवीत भरल्या आणि पिशवी बॅगेच्या तळाशी सारली. तिकडे पोचल्यावर कोण काय बोलणार होतं? तर रविवारी सकाळी पिशवी गायब आणि स्वयंपाकघरात एक नवंकोरं पातेलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी चिंधी नावाची बोहारीण येऊन गेली होती. मी चपला उलटसुलट घालून एसटी स्टँडवर धावलो. ती पेणच्या गाडीची वाट बघत बसली होती. तिला गाठोडं सोडायला लावलं. अर्ध्या गल्लीचे, त्यात आमच्याही घरचे, परकर आणि पोलकी लोकांसमोर पसरली गेली, पण लेंगा नाही. वर तीच मला म्हणाली, "दादा, तुमचा लेंगा मी पळीवर पन नाय घेनार." हे तिने एवढ्या लोकांत बोलायला नको होतं.

घरी येऊन बघतो तर ओटीवर शेजारणींचा मेळा आणि मधोमध तुझी भावजय माझे लेंगे टराटरा फाडत बसलेली. लंगोट आणि दुपटी करायला. आपल्यात जन्मलेल्या बाळाला कोरं कापड लावत नाहीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं जुनं मऊ कापड लावतात, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लाभतं, हे तुला मी काय सांगणार. तर बॅगेत धुऊन घडी घातलेले जुने कपडे बघून तिने ठरवलं की मी ते नातवंडासाठीच काढून ठेवले. डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती, "मला सुचलं नाय गं, पन ह्यांच्या ध्यानात व्हतं." माझ्या तोंडापर्यंत आलेला ओरडा तिथेच राहिला. इतक्यात प्राचीने ऋतिकाला फोन लावून दिला. ती पोर रडायलाच लागली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हटलं, "सुचलं."

आता दोन दिवस गल्लीत माझं कौतुक चाललंय आणि मला रागावायचीही सोय उरलेली नाही. चार लेंगे गेले, बंड्या गेल्या, मला विचारलंही नाही. म्हणून तुला लिहिलं. थोरल्या बहिणीपाशी नाही रागवायचं तर कुणापाशी?

तुझा,
आबाजी

ता. क. पत्राबरोबर मोहियुद्दीनच्या टेंपोतून एक पुडकं येतंय. त्यात पाचवा लेंगा आहे. त्या दिवशी तो माझ्या अंगावर होता म्हणून वाचला. तोच घालून विमानात बसायचं असं मी पक्कं ठरवलं होतं. काल रात्रभर विचार केला, आज सकाळी धुतला. त्याची बाळासाठी लहानशी गोधडी शिव, पातळच, त्या एसीपुरती. ठिगळाचा भाग काढून टाक, बाळाला टोचेल. पुढच्या बुधवारपर्यंत झाली पाहिजे. हे लिहिताना मी हाफ पँटीत बसलोय. गुडघ्यांना वारा लागतो, हे नाइलाजाने कबूल करतो.

ता. क. दुसरा. लंगोटांचं मला काही सुचलेलं नव्हतं, पण ते माझ्या नावावर राहू दे. ही गोधडी मात्र मी स्वतःहून देतोय. ती तू पाठवलीस असंच सगळ्यांना सांग.