आंबेमळ्याच्या सिग्नलचे वजन

मी, बनुबाई ज्ञानू शेवाळे, वय पंचाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, अविवाहित, राहणार वाई, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. रक्तदाब वाढलेला आहे पण डोके ठिकाणावर आहे, असे त्यांनी लिहिले आहे. गेल्या रविवारी सांगलीत जे पाहिले त्यातून मी अजून सावरलेली नाही. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. वाईचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या भावाची सून शिवांजली हिला द्यावे. चौथे कलम वाचून पुष्कळांना याचे नवल वाटेल. पण माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा महिनाभर माझे सगळे तिने केले. घर वेगळे आणि राग वेगळा.

२. डागणी, कथील, बारीक करवत, कानशी आणि भिंगाचा दिवा ही हत्यारे माझी विद्यार्थिनी अंकिता हिला द्यावीत. ती दागिने दुरुस्त करते. पुण्याच्या प्रदर्शनात माझे सिग्नल बघून एका गृहस्थांनी "यजमानांनी केलेत का?" असे विचारले, तेव्हा "त्यांनी यजमान केलेच नाहीत, सिग्नलच केले," असे तिने सुनावले होते. ते मी विसरलेले नाही.

३. शेजारी लालासाहेब यांच्याकडून माझी लाकडी शिडी परत आणावी. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात. लालासाहेबांना काहीच मिळत नसल्यामुळे ते साक्षीदार आहेत.

४. आता सिग्नल. वाईला रेल्वे नाही. तरी सातारा ते मिरज मार्गावरचे खांबावर हलता हात असलेले जुने सिग्नल काढून टाकायच्या आत मी एसटीने जाऊन, टेप लावून, शिडीच्या पायऱ्यांपर्यंत त्यांची मापे घेतली आणि एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात सात सिग्नल बनवले. खांब पितळेचे, कठडे सायकलच्या तारेचे, काचा आईच्या फुटक्या काकणांच्या. हिरवी काच मुद्दाम निळसर आहे, कारण आत रॉकेलचा पिवळा दिवा असायचा.

माझा धाकटा भाऊ कृष्णात, फौजेतून निवृत्त, सांगलीत त्याच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष आहे. यंदा देखावा होता बाप्पाच्या आगगाडीचा. त्याने जन्मात पहिल्यांदा माझे सिग्नल मागितले. मी हुरळून गेले. जुन्या सुती साड्यांत गुंडाळून मी स्वतः नेऊन दिले.

रविवारी मंडपात शिरले आणि थेट सिग्नलपाशी गेले. सातही सिग्नलचे हात खाली! बोट लावून पाहिले तर हलेनात. फेविक्विकने चिकटवलेले. आणि खांबांच्या बुडाशी असलेली वजने पक्कडीने तोडून टाकलेली.

"कृष्णात, हे काय केलंस?"

"अगं आक्का, आडवा हात म्हंजी लाल. बाप्पा येतोय आन् त्याला लाल दावायचा व्हय? हात सारका वर जात हुता, म्हनून ती गोळं काढली. शिवांजलीला म्हनलं, लाव फेविक्विक. लय ग्वाड दिसतंय बग."

"ते गोळे नव्हते रे!"

"आक्का, ह्या बाप्पानंच ल्हानपनी गाडीखालनं वाचिवलं मला. त्येला मी थांब म्हनू?"

मला कोणीतरी खुर्ची दिली, सरबत दिले. सरबत तसेच ठेवून मी खाली वाकून सतरंजी चाचपू लागले.

५. तेव्हा जे बोलता आले नाही ते लिहिते. आमचे वडील आंबेमळा स्टेशनात सांधेवाले होते. गाडीला वाट मोकळी असली की ते खटका ओढत, तार ताणली जाई आणि दूर सिग्नलचा हात खाली येई. हात खाली ओढायला तार लागते, आडवा करायला काही लागत नाही. बुडाशी वजन असते, तार सुटली की तेच हाताला आडवा करते. म्हणजे काही बिघडले तर गाडी थांबते. ज्या कोणाला हे सुचले त्याचे पाय धरावेत असे मला वाटते.

मी आठ वर्षांची होते. वडिलांना भाकरी घेऊन निघाले होते. गाडी दिसत होती, हात खाली होता, आणि त्या हाताच्या पलीकडे रुळांमध्ये बसून तीन वर्षांचा कृष्णात खडी वेचत होता. मला ओरडताही आले नाही. एवढ्यात तार तुटली. का तुटली ते कोणालाच कधी कळले नाही. हात सपकन वर आला आणि आडवा झाला. इंजिनाने ब्रेक मारला, सिग्नल ओलांडून पुढे घसरत आले आणि कृष्णातच्या अलीकडे थांबले. आईने दुपारीच गणपतीपुढे नारळ फोडला आणि जन्मभर त्याला तेच सांगितले. मी मात्र तो हात बघितला होता. तेव्हापासून मी तोच बनवत आले.

६. मंडपातले सहा सिग्नल माझ्या शाळेला द्यावेत. सातवा, आंबेमळ्याचा, कृष्णातला; तो मी त्याच रविवारी माझ्यासोबत परत आणला. त्याचे तुटलेले वजन मी मंडपातल्या सतरंजीवरून वेचून पदराच्या गाठीला बांधून आणले आणि परवा परत डागले. हातही सोडवला आहे.

त्याला अट एकच. माझ्या तेराव्याला, पाने वाढण्यापूर्वी, तो सिग्नल सगळ्यांसमोर टेबलावर ठेवावा. खटका ओढून हात खाली करावा. मग कृष्णातने कात्रीने तार कापावी. दुसऱ्या कोणी नाही, त्यानेच. हात वर जाईल. कोणी ढकलला नाही, हे त्याने नीट बघावे.

कृष्णात, तार गणपतीने तोडली असे म्हणालास तर माझी अजिबात हरकत नाही. पण मग हेही मान, बाबा, की त्या दिवशी त्याने लाल दाखवला होता. हिरवा राहिला असता तर आज ही तार कापायला तू नसतास.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

बनुबाई ज्ञानू शेवाळे

साक्षीदार:
१. लालासाहेब बाबुराव जगताप, वाई (कलम तीन वाचले. शिडी उद्या आणून देतो.)
२. डॉ. सयाजी विठ्ठल पिसाळ, वाई

ठिकाण: वाई
दिनांक: ४ सप्टेंबर २०२५