तुमच्या उशाकडची भिंत

बाई,

मला उमरग्यात नवं बिऱ्हाड मिळालं आहे. हमरस्त्यापासून जरा आत, माडीवरच्या दोन खोल्या. मालकानं विटा रचून घर उभं केलं आणि गिलाव्यापाशी येऊन त्याचं काम थांबलं, त्यामुळे आतबाहेर नुसत्या उघड्या विटा आहेत. गेले आठ दिवस मी घर लावते आहे. जुन्या इरकली लुगड्याचा पडदा केला, विटांच्या सांध्यांत खुंट्या ठोकल्या, पुस्तकांसाठी एक फळी बसवून घेतली. काल मालक गवंड्याला घेऊन वर आले. "गिलावा न्हाय तर न्हाय, निदान चुना तरी मारून घ्या. हेडबाईंचं घर हाय का वीटभट्टी?" शेजारीणबाई दारातूनच म्हणाल्या, "राहू द्या की. उन्हाळ्यात पक्क्या भाजून निघतील." सगळे हसले. मी गवंड्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. कारण सांगितलं नाही. ते तुम्हालाच सांगायला हवं. लोहाऱ्यात तुमच्या उशाकडची विटांची भिंत मी चुना देऊन पांढरी केली आणि तिच्यावर तुम्ही वर्षानुवर्षं लिहीत आलेलं सगळं गेलं. त्याबद्दल मी तुमच्याजवळ एक शब्द बोलले नाही. तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं झाली.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. कारभार उर्दूतून मराठीत येत होता, मराठी शिकवायला माणसं कमी पडत होती, म्हणून मी बार्शीहून लोहाऱ्याला आले. तुम्ही मुलींच्या शाळेच्या मुख्य. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातल्या, दहाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेल्या, थोरल्या भावानं सगळ्यांशी भांडून हैदराबादला शिकायला ठेवलेल्या. बोलायच्या मराठी, लिहायच्या मात्र उर्दू, उजवीकडून डावीकडे, झरझर. आपल्या दोघींच्या खोल्या शेजारी होत्या. शाळा सुटली की तुम्ही वरच्या कचेरीत पाठवायचे कागद मराठीत लिहून माझ्याकडे आणायच्या आणि पाटावर बसायच्या. मी लाल शाईनं चुका काढायची. "संस्थान होतं तोवर माझ्या दरख्वास्तीला कुणी हात लावला नाही गं. आता बार्शीची पोर माझे कान पिळते." तुम्ही हसत म्हणायच्या. मीही हसायची, पण मला आतून फार बरं वाटायचं, हे आज कबूल करते. तुमच्याहून वीस वर्षांनी लहान असून मी तुमची मास्तरीण झाले होते. एकदा मी त्या तोऱ्यात म्हणाले, "तुमची ती लिपी म्हणजे मुंग्यांची रांग." तुम्ही वही मिटली. "ह्या मुंग्यांनी मला पोटाला घातलंय. जरा अदब ठेव," म्हणालात आणि उठून गेलात. दुसऱ्या दिवशी तुम्हीच माझ्यासाठी वाटीभर शेंगांची चटणी घेऊन आलात. तो विषय पुन्हा निघाला नाही.

तुमच्या खोलीला तीन भिंती मातीच्या, सारवलेल्या, आणि एकच विटांची. कधीतरी पडलेली भिंत मालकानं नव्यानं रचून घेतली होती. तिच्याकडे डोकं करून तुम्ही झोपायच्या. तिच्यातल्या पुष्कळ विटांवर काहीतरी बारीक बारीक लिहिलेलं होतं. मी कधी विचारलं नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तुमचं पोटाचं दुखणं वाढलं आणि भावानं तुम्हाला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. महिन्यानं तुम्ही येणार असा निरोप आला. मला वाटलं, बाई दुखण्यातून उठून येणार, त्यांना खोली उजळ दिसावी. आमच्या बार्शीच्या घरी दिवाळीला सगळ्या भिंतींना चुना व्हायचा, त्यामुळे चुना म्हणजे सण, चुना म्हणजे माया, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. शाळेच्या मावशी, ज्या रोज घरोघर जाऊन मुलींना बोलावून आणायच्या, त्या सुटीत गावाला गेल्या होत्या. मला थांबवायला कुणी नव्हतं. मी दोन दिवस राबले. कोरडी वीट चुना धरत नाही, म्हणून आधी काथ्यानं भिंत घासली, पाणी मारलं, मग तीन हात दिले. चुन्यानं माझी बोटं सोलवटली. बार्शीहून आणलेलं क्रोशाचं तोरण दाराला लावलं, कोनाड्यात पितळी तांब्यात झेंडूची फुलं ठेवली.

तुम्ही येता. टांग्यातून उतरताना भावाचा हात धरलेला आहे, लुगडं अंगावर मोठं झालेलं आहे. उंबऱ्यावर तुम्ही थांबता. मी मागे उभी आहे आणि तुम्ही काय म्हणता याची वाट बघते आहे. तुम्ही भिंतीशी जाता, तिच्यावर पालथा हात ठेवता, ताप बघावा तसा. मग विचारता, "आधी घासली होतीस का गं?" मी म्हणते, "हो, चांगली काथ्यानं घासली. एक डाग ठेवला नाही." तुम्ही भिंतीवरचा हात काढून घेता. "उजेड आला," तुम्ही म्हणता. "चांगलं केलंस. हात बघू तुझे." आणि माझ्या बोटांना तुम्ही खोबरेल तेल लावून देता.

मार्गशीर्षात एक बाई मावशींच्या बरोबर आली. जवळच्याच खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. मी तेव्हा तुमच्यासाठी पेज घेऊन आले होते. ती दारातच बसली. म्हणाली, "माझी लेक तुमच्या शाळंत व्हती. पयल्या बाळंतपणात गेली. मावशी म्हणत्या, तिचं नाव तुमी घरात लिवून ठिवलंय. म्या वाचायला शिकले न्हाय, पर हात तरी लावून बघते." मावशी भिंतीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. तुम्ही पलंगावरून उठलात. तिचा हात धरून तुम्ही तिला भिंतीपाशी नेलंत आणि खालून पाचव्या की सहाव्या थरातल्या एका जागी तिचा तळहात टेकवलात. "इथं आहे बघ. दुसरीत होती. पाढे तिला सगळ्यांच्या आधी यायचे, आणि नाक पुसायला मात्र सांगावं लागायचं." ती बाई हसली आणि रडली. "ह्ये तर सारं पांढरं हाय वो बाई." "वरून चुना दिलाय. खाली तसंच आहे." हे बोलताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या तळहाताला चुना लागला होता. तो तिनं झटकला नाही. मूठ मिटून तशीच गेली.

मला मग मावशींनी सांगितलं. घरच्यांनी शाळेतून काढलेल्या मुलीचं नाव हजेरीतून कमी करावं लागायचं. ज्या दिवशी ते कमी व्हायचं, त्या दिवशी तुम्ही घरी येऊन एका विटेवर ते लिहायच्या. पुढे मावशी गावोगावचं ऐकून यायच्या, कुणाचं लग्न झालं, कुणाला मुलगा झाला, कुणाला नवऱ्यानं टाकलं, कोण नाहीशी झाली, ते त्या त्या विटेवर यायचं. "सरकारच्या बुकात जागा न्हाय, तर इथं राहू द्या, म्हणायच्या बाई. तुमाला ठाव नव्हतं व्हय?" मावशींनी विचारलं. मी म्हणाले, "मला वाटलं, गवंड्यांच्या खुणा असतील." पुढे तुम्ही पुन्हा शाळेत जायला लागलात, तेव्हा एके दिवशी तुमच्यामागे मी खुरपं घेऊन हातभर चुना खरवडून पाहिला. खाली लाल वीट निघाली, स्वच्छ. मी पुन्हा चुना लावून ती जागा बुजवली.

तुमच्याजवळ बोलायला मला चार महिने मिळाले. रोज तुम्ही कागद घेऊन यायच्या, रोज मी चुका काढायची, आणि रोज वाटायचं, आज सांगावं. चैत्रात तुम्ही तुळजापूरला गेलात त्या परत आला नाहीत. पुढे मी बदलीच्या गावी एका म्हाताऱ्या मुन्शींकडून उर्दू वाचायला शिकले. आता येतं मला, हळूहळू, बोट फिरवत. मावशींना आठवली तेवढी नावं मी त्यांच्याकडून घेतली, ती अकरा निघाली. भिंतीवर किती होती, ते त्यांनाही सांगता येईना. या घरातल्या विटांवर मी काही लिहिणार नाही. ते काम तुमचं होतं. नुसत्या राहू देणार आहे, एवढंच. हे पत्रही मी कुणाला दाखवणार नाही.

पण एक राहिलं. गवंड्यांच्या खुणा असतील असं मी मावशींना सांगितलं, नंतर आणखी दोघींना सांगितलं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले. बाई, मी भिंत घासत होते तेव्हा बादलीतलं पाणी विटकरी व्हायच्या आधी निळं झालं होतं. चुन्यात घालायची नीळ अजून पुडीतच होती. गवंडी शाईनं खुणा करत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ती बादली परसात ओतली आणि दुसरं पाणी भरून आणलं.