घरातलं एकलकोंडं नेमकं कोण

अमरावती,
शनिवार दुपार

माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आणि चाळीस वर्षांनी शहाण्या सुभद्राताईस,

धाकट्या बंडूचा वाकून नमस्कार (कंबरेमुळे वाकणं अर्ध्यातच थांबतं, उरलेलं मनाने समजून घे). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची नवी कवळी बसली का, की अजून ती डबीत आणि भाऊजी वरणभातावर? तुझ्या आकांक्षाचं बाळ रात्री झोपू देतं का? इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पण ठीक कोण आणि बेठीक कोण, यावरूनच गेले पंधरा दिवस घरात घोळ चालू आहे, आणि तुला सांगितल्याशिवाय माझं डोकं काही थाऱ्यावर येणार नाही.

झालं असं, की आपली आचल (अमोलची, तिसरीत गेली आता) मधल्या सुट्टीत एकटीच बसते, अशी चिठ्ठी शाळेतून आली. सूनबाईंनी, म्हणजे आरतीने, ती वाचली आणि तव्यावरची पोळी करपू दिली. अमोल नांदगाव पेठेच्या कारखान्यातली पाळी संपवून आला, त्यानेही वाचली आणि म्हणाला, "काई नाई होत. लहानपनी मी बी असाच होतो." त्यावर आरती म्हणाली, "म्हनूनच तर मले काळजी वाटून राहिली!" अमोल गप्प बसला. (तसा तो गप्पच असतो, त्यामुळे नेमका कधी बसला ते सांगता येत नाही.)

मग शाळेच्याच ओळखीने पौर्णिमा मॅडम घरी आल्या. त्या पीएच.डी. करतात. माणसं, लहान असोत की मोठी, चारचौघांपासून दूर का राहतात, हा त्यांचा विषय. मला वाटलं होतं, चष्म्याची जाडजूड बाई येईल. ही तर आपल्या आकांक्षाएवढी पोर, डोक्याला स्कार्फ, स्कूटीवर. तिने समजावलं, की एकटं राहणं एकाच जातीचं नसतं. एखाद्याला लोकांत जायचं असतं, पण भीती वाटते. एखाद्याला भीती नसते, त्याला एकटंच बरं वाटतं. आणि एखाद्याला बाकीचे आपल्यात घेतच नाहीत. "बाहेरून तिघंही सारखेच दिसतात, आबा," असं म्हणाली. मी मान डोलावली. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, मला ते पटलं. गाडीत उभा असलेल्या माणसाला कधी जागा मिळालेली नसते, कधी पुढच्याच थांब्यावर उतरायचं असतं, आणि कधी शेजारच्याने तिथे पिशवी ठेवलेली असते. पण आचल यातली कोणती, हे काही मला उमगेना.

म्हणून मी स्वतः तपास करायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीशी गेलो, दोन विटा रचल्या आणि वरून डोकावलो. आचल कडुनिंबाखाली बसून मुंगळ्यांच्या रांगेत काडी आडवी ठेवत होती. नगमा नावाची तिच्या वर्गातली मुलगी आली, तर हिने सरकून जागा दिली. दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या. नगमा खेळायला गेली, ही पुन्हा मुंगळ्यांकडे. चेहऱ्यावर दुःख नाही की काही नाही. मी बघतो आहे तोच मागून शाळेतल्या मनकर्णाबाई ओरडल्या, "ओ बाबा! कोनाले पाहून राहिले?" आता ताई, मी आचलचा आजा, एवढे चार शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडून निघालं, "पत्ता चुकला!" आणि मी सटकलो. (ज्या गावात आयुष्य गेलं त्या गावात, भर बारा वाजता, विटांवर उभं राहून माझा पत्ता चुकला.)

खरी गंमत पुढे आहे. मॅडमनी दोन कागद दिले होते. गुलाबी देताना म्हणाल्या, "आबा, हा तुमचा." म्हणजे आचलबद्दलचा, पण भरायचा मी. पांढरा होता मोठ्या माणसाने स्वतःबद्दल लिहायचा. मी "तुमचा" एवढंच ऐकलं. तेव्हा गुलाबीवर मी माझी हकीकत लिहिली आणि पांढऱ्यावर आचलची.

गेल्या गुरुवारी मॅडम आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने. आरतीला म्हणाल्या, "आचल टपरीवर चहा पिते?" आरती म्हणाली, "कोन म्हन्ते?" मॅडमनी गुलाबी कागदावरून वाचलं, "रोज टपरीवर दोन चहा. ओळखीचं माणूस दिसलं की पेपर तोंडापुढे धरणे." आरतीने कपाळाला हात लावला. पुढे होतं, "अकोल्याच्या लग्नात हॉलच्या गेटवरून परत. आहेर खिशातच. घरी पोट बिघडल्याचं सांगितलं." मॅडम म्हणाल्या, "ताई, आठ वर्षांची मुलगी एकटी अकोल्याहून परत आली, आणि तुम्हाला पत्ता नाही?" मग पांढरा कागद काढून त्या म्हणाल्या, "आजोबांचं मात्र उत्तम आहे. मुंगळे पाहतात, मजेत असतात."

कोपऱ्यात चित्र काढत बसलेली आचल मान वर न करता म्हणाली, "टपरीवाले तर आबा हायेत."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी पंख्याकडे पाहिलं.

तर ताई, आता तुलाही कळलंच. आकांक्षाच्या लग्नाला माझं पोट बिघडलं नव्हतं. (त्यानंतर तू सहा महिने ओवा पाठवत राहिलीस, आणि मी तो खातही राहिलो, निदान तेवढं तरी प्रायश्चित्त म्हणून.) मी आलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून गेटपर्यंत आलो होतो. आत बँड वाजत होता, तू मोरपंखी शालू नेसून दाराकडे पाहत होतीस. पण कोणी विचारलं असतं, "काय बंडूभाऊ, काय चालू आहे सध्या?" तर सांगणार काय? नोकरीत असताना साठ माणसांच्या गर्दीतून वाट काढत मी सगळ्यांशी बोलायचो. हातात तिकिटं होती, त्यामुळे बोलायला कारण होतं. त्या दिवशी हात रिकामे होते आणि पाय उचलेना. समोरच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागली होती, तिच्यात बसलो.

हे सगळं मॅडमना सांगितलं तेव्हा आरतीने नुसता चहा ठेवला, माझ्या कपात साखर जास्त टाकली. मॅडम म्हणाल्या, आचलला एकटं आवडतं, तिला ढकलू नका, फक्त अधूनमधून विचारत जा. माझ्याबद्दल म्हणाल्या, "तुम्हाला लोकांत जायचंय, आबा. म्हणून तर गेटपर्यंत जाता." मला हे शाबासकी म्हणून धरावं की दुखणं म्हणून, अजून कळलेलं नाही.

भाऊजींना नमस्कार, बाळाच्या गालाला माझं बोट लाव.

तुझा गोंधळलेला भाऊ,
बंडू

ता. क. बारशाला येतो. पण मला खुर्चीवर बसवू नको. घुगऱ्यांचं पातेलं माझ्या हातात दे. वाटता वाटता मी सगळ्यांशी बोलेन. आणि गेटवर दुसऱ्या कोणाला धाडू नको, गुडघा दुखला तरी तूच ये.

ता. क. आणखी एक. पाकीट टाकायला निघालो, तर पोस्टात मैनाबाई असतात आणि त्या ओळखीच्या, हे आठवलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. आचल चपला घालून दारात उभी आहे. म्हणते, "चाला आबा. तुमी फकत पाकीट धरा, बोलाचं मी पाहीन."