चौसाळ्याच्या माळावरचं विमान

चौसाळा, ५ जानेवारी २०२५

ती. मंगलअक्कास,
शहादेवचा शि. सा. नमस्कार वि. वि.

कानात यंत्र घालूनही फोनवरचं मला नीट कळत नाही, म्हणून लिहितो. आपल्या रिमोटच्या विमानांच्या क्लबचा माळ गेला. अमरसिंहांनी तो सौरऊर्जेवाल्यांना दिला. जमीन त्यांची, बावीस वर्षं उडवू दिलं, आता काय बोलणार? थर्मोकोल आणि बांबूच्या कामट्यांचं पहिलं विमान दाजींनी तिथंच बाभळीत घातलं होतं, तेव्हा हसायला अर्धं गाव जमलं. पुढं तेरा सभासद झाले. आता मी बांधणारा आणि दाजी उडवणारे, एवढेच उरलो. १९ तारखेच्या रविवारी शेवटचं उडवू. दाजींना पाठव आणि सोबत धपाटे दे, नाहीतर त्यांना उपाशी ठेवीन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा शहादेव

शिरूर कासार, १० जानेवारी

चि. शहादेवास अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी तीनदा वाचलं. एक सांगते, मी कळवल्याचं त्यांना कळू देऊ नको. दिवाळीपासून त्यांचे हात थरथरतात. कपबशी वाजते म्हणून चहा पेल्यात घेतात आणि पेल्यातच गोडी लागते म्हणतात. हे बरं होणारं नाही, गोळ्यांनी थोडा उतार पडेल, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या तशाच पडल्यात. उडवायला जाऊ नका, हे माझ्या तोंडून निघत नाही. तूच त्यांना अडव.

धपाटे देते. तब्येतीला जप.
तुझी अक्का

चौसाळा, २० जानेवारी

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

मला अडवता आलं नाही. त्यांनी हात पुढं केला आणि मी रिमोट दिला. विमान वर गेलं तसं डगमगायला लागलं. दोन घिरट्या झाल्यावर दाजी म्हणाले, "शहादेवा, हात माझं ऐकत न्हाईत. तू धर."

मी जन्मात कधी विमान उतरवलं नव्हतं. दाजी माझ्या कानाशी तोंड नेऊन सांगत राहिले. बॅटरी संपत आली, विमान ज्वारीत शिरलं आणि पंख मोडला. मी बांधून देतो म्हणालो. ते म्हणाले, "उडवायचं कुठं?"

अक्का, रागावू नकोस.
तुझा शहादेव

शिरूर कासार, २६ जानेवारी

चि. शहादेवास अ. उ. आ.

रागावू कोणावर? त्या संध्याकाळी मी स्टँडवर गेले होते. एसटीच्या पायरीवर हे थांबले, मागं माणसं खोळंबली. मला वाटलं, नेहमीसारखे माझ्याकडे न बघता उतरतील. त्यांनी माझ्याकडे हात केला. चाळीस वर्षांत चारचौघांत त्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. पायरी उतरल्यावरही सोडला नाही. बाजारातून घरापर्यंत तसेच आलो.

गोळ्या घेतात. थरथर आहे तशीच आहे.

येऊन जा, भावा.
तुझी अक्का