अर्ध्या माळेची फुली

३ मार्च, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. सूनबाईच्या ऑफिसातली जुनी डायरी, मागची पानं कोरी. फुकट गेली असती.
आमच्या मजल्यावरच्या पाचजणींनी मिळून हजार माळांचा जप धरलाय. रोज संध्याकाळी पाचला जिन्याजवळच्या खोलीत जमायचं. प्रत्येकीनं आपला आकडा सांगायचा, पाचहीजणींनी तेवढ्या रेघा आपापल्या वहीत ओढायच्या. म्हणजे लबाडीला जागा नाही. जिच्या माळा जास्त, ती शेवटच्या दिवशी पुढं बसून प्रार्थना सांगणार. म्हणजे मीच. बाकीच्यांचा वकूब बघता दुसरं कोण?

५ मार्च
सूनबाई कॉम्प्युटरवरच्या नाण्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. नाणी दिसत नाहीत, वाजत नाहीत. पगार मात्र येतो. हजारो कॉम्प्युटरांत म्हणे एकच वही. सगळीकडे जुळली तरच नोंद खरी. पंधरा दिवस त्यांच्या ऑफिसात भांडण चाललंय. नोंद वेगळ्या खुणांनी लिहिली तर कुणाला विचारायला नको, पण कुठली नोंद खरी मानायची हा नियम बदलायचा तर सगळ्यांनी हो म्हणायला हवं. आपला बदल यातला कुठला, यावर पंधरा दिवस! एवढाल्या पदव्या घेऊन! मी मॅट्रिक. माझ्याकडे पाठवा, चहा उकळेपर्यंत मिटवते.

६ मार्च
आम्ही माळेमागे एक रेघ ओढतो. कागदाची नासाडी. मी सरळ आकडा लिहिला. आमच्यातल्या मास्तरीणबाई (रिटायर झाल्या, पण तोंडातला खडू गेला नाही) वहीत डोकावल्या. बेरीज जुळतेय ना, मग लिही गं कशीही, म्हणाल्या. अर्ध्या पानाची बचत. सूनबाईला म्हटलं, तुमचं भांडण मी मिटवलं. ती हसली. कौतुकानं असावं.

९ मार्च
मास्तरीणबाई सव्वीस माळांनी पुढं. त्यांना काय, एकट्या जीव. माझी माळ अर्ध्यातच तुटते. कुकर, कुरिअर, ह्यांचा चष्मा. त्या अर्ध्या माळा वाया? देव काय इतका उधळ्या आहे?

१० मार्च
उपाय सापडला. अर्ध्या माळेला फुली. फुली म्हणजे एक. नियम तोच, फक्त खूण नवी.
सूनबाईनं लॅपटॉपवरून मान वर केली. म्हणाली, आई, आकडा लिहिलात ते नुसतं लिहिणं होतं. हे म्हणजे माळ कशाला म्हणायचं तेच बदलणं. आधी चौघींना विचारा. म्हटलं, तू नाणी सांभाळ, देवाचं मी बघते.

११ मार्च
नऊ पूर्ण, नऊ फुल्या. अठरा सांगितले. मास्तरीणबाईंनी माझी वही मागितली, फुलीचा अर्थ विचारला. म्हणाल्या, खूण हवी ती कर बाई, मणी कमी करू नकोस. शिंपीणबाई म्हणे, मग मीही एक बाही लावून अख्ख्या सदऱ्याची शिलाई घेते. फिदीफिदी हसल्या सगळ्या. चौघींनी नऊ लिहिले, मी अठरा.
अडाणी. दोन दिवसांत माझी वही उतरवून घ्यायला येतील.

१४ मार्च
कुणी आलं नाही. हे म्हणाले, नऊ म्हण आणि मोकळी हो, जप तुझा नि देवाचा. ह्यांना जपही कळत नाही आणि मानही.

१७ मार्च
माझ्या वहीत पाचजणींच्या मिळून हजार पूर्ण! त्यात माझ्या मास्तरीणबाईंपेक्षा पाच माळा जास्त. खोलीत जाऊन थेट पुढं बसले. चौघी म्हणाल्या, आमच्याकडे नऊशे सदतीसच झालेत, बस, माळ घे. मी उठून आले. चार चुकीच्या वह्या जुळल्या म्हणून काय झालं?
सूनबाई म्हणते, आमच्याकडे याला फाटा फुटणं म्हणतात. दोन्ही वह्या स्वतःला खऱ्या समजतात, लोक मात्र एकीकडेच जातात. म्हटलं, येतील की इकडे.

१९ मार्च
मास्तरीणबाईंचा निरोप. चौघींच्या वह्यांत हजार झाले. तुझ्या रोजच्या नऊ धरल्यात, प्रार्थनेला ये, तुझी जागा ठेवलीय. कळवलं, अठरा धरा, मग येते.
भिंतीपलीकडून प्रार्थना ऐकू आली. चाल चुकत होती. चार ओळी मी इथूनच म्हटल्या, त्यांना सुधारायला.

२० मार्च, संध्याकाळी ५
स्वयंपाकघरात माझी सभा. हजर : मी. पुढं बसून प्रार्थना सांगितली. मागं गॅसचा सिलिंडर.
नवा संकल्प, पुन्हा हजार माळा. आजपासून पाव माळेलाही फुली.
ठराव सर्वानुमते मंजूर.