पांढऱ्या रंगाचे डबे

साउथसी,
९ मार्च १८९४

प्रिय पपा,

तुमचा गुडघा कसा आहे? ममा लिहिते की तुम्ही काठी घ्यायला तयार नाही आणि जिना उतरताना कठड्यालाच हुकूम सोडता. निवृत्त झालात, पण ॲडमिरलपण काही सुटत नाही! इकडे वारा पिसाळला आहे. जॉर्जीला दात येताहेत, त्यामुळे घरात कुणालाच धड झोप नाही. ममाचा मुरंबा मात्र त्याने चमचा चाटून संपवला.

माझ्या नवऱ्याविषयी, अँब्रोजविषयी, एक अक्षर लिहू नकोस, असं तुम्ही बजावलं होतं. नाताळापासून मी ते पाळलं. आज पाळणार नाही. रागावलात तर रागवा.

बढतीच्या यादीत त्याचं नाव नाही. तुम्ही ते माझ्याआधीच वाचलं असेल. त्याला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाऱ्याच्या चौकीवर नेमलं आहे. तिथे गेलेला कमांडर कॅप्टन होऊन परत आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जहाज सुटलं ते सुटलंच.

तपासणीच्या दिवसाबद्दल क्लबातल्या मंडळींनी तुम्हाला सांगितलं, ते खरं आहे. पाहणीला आलेल्या साहेबांनी पांढऱ्या हातमोज्याचं बोट तोफेवरून फिरवलं आणि ते काळं निघालं. साहेब म्हणाले, "कमांडर, हे लढाऊ जहाज आहे की कोळशाची होडी?" अँब्रोज म्हणाला, "लढाऊ आहे, सर. म्हणूनच काळं आहे." हे शेवटचं वाक्य मंडळींनी नक्कीच गाळलं असणार. नाहीतर तुम्ही आधी हसला असता आणि मग चिडला असता. मी ओळखते तुम्हाला.

तुम्ही लिहिलं होतं, 'मी पाठवलेला रंग तरी लावायचा. त्याने माझ्या तोंडाला काळं फासलं.' तर त्या रंगाचं ऐका. कमांडरने पदरमोड करून जहाज चकाकवायचं आणि बढती मिळवायची, ही आपल्या आरमारातली रीत. म्हणून तर जावयाला तुम्ही पेटी भरून डबे धाडलेत. पपा, तो रंग त्याने लावला. पण जहाजाला नाही. नेमबाजीसाठी समुद्रात तराफा सोडतात ना, त्याच्या कापडाला लावला. करड्या पाण्यावर मळकं कापड तोफेवरच्या पोरांना दिसत नव्हतं. सरावाचे गोळे त्याने एकूण एक उडवले, आणि त्या धुराने जहाजाचा रंग करपला. पण आज साऱ्या ताफ्यात त्याच्या पोरांसारखा नेम कुणाचा नाही.

मीच एकदा त्याला म्हटलं होतं, "सगळे करतात तसं कर. निम्मे उडव, निम्मे बुडव. कोण बघायला येतंय?"

तो म्हणाला, "लिव्ही, उद्या खरंच लढाई झाली, तर या पोरांच्या आयांना मी काय सांगू? जहाज फार सुंदर दिसत होतं म्हणून?"

मला माल्टा आठवतं. मी लहान होते, तुम्ही मला जहाजावर नेलं होतं. खलाशी मागच्या बाजूने गोळे पाण्यात सोडत होते. मी विचारलं, "हे काय करताहेत?" तुम्ही म्हणालात, "माशांना जेवण!" सगळे हसले, मीही हसले. तुमचं जहाज आरशासारखं होतं आणि मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा! आजही वाटतो. पण त्या गोष्टीचं आता हसू येत नाही.

ममा म्हणते, "पपांना गळ घाल, ते लंडनला दोन शब्द टाकतील." मी गळ घालणार नाही. अँब्रोजला मागून आणलेली बढती नको आहे, आणि मलाही नको.

परवा त्याने जहाज सोडलं. निरोपाच्या वेळी कॅप्टनला अधिकारी स्वतः वल्ही मारून किनाऱ्यावर सोडतात. हा तर नुसता कमांडर. पण तोफेवरच्या पोरांनी परवानगी मागून वल्ही हातात घेतली. त्यांचा म्होरक्या पेन्गेली म्हणाला, "साहेब, हात काळेच आहेत आमचे. चालतील ना?" अँब्रोज होडीत उतरला. धक्क्याला लागेपर्यंत तो पाण्याकडे बघत होता.

गुरुवारी आम्ही निघतो. दुपारची गाडी तुमच्या बाथला थांबते. पपा, फलाटावर या. काही बोलू नका. त्याचा हात हातात घ्या, एवढंच. बढतीवर त्याने पाणी सोडलं आहे, तुमच्यावर नाही.

तुमची लेक,
लिव्ही


बेलमुलेट, आयर्लंड,
२१ एप्रिल १८९४

प्रिय पपा,

त्या दिवशी बाथला ममा एकटीच आली. म्हणाली, "गुडघा धरलाय त्यांचा." अँब्रोज म्हणाला, "या थंडीत ॲडमिरल साहेब आले नाहीत तेच बरं." मग ब्रिस्टलपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. तुमचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

इथे पाऊस आहे, धूर आहे आणि बटाटे आहेत. चौकीवर सरावाला एक जुनी तोफ आहे आणि ती चालवायला अर्धवट तयार माणसं. अँब्रोज पहिल्याच दिवशी तिच्यापाशी गेला, म्हणजे बघा.

काल गाडीवान तुमची पेटी घेऊन आला. अँब्रोजने झाकण उचकटलं. आत पेंढा, आणि पेंढ्यात पांढऱ्या रंगाचे डबे. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "टोमणा आहे. निदान चौकी तरी चकाकव म्हणताहेत."

मग मी वरचा डबा उचलला. त्याच्यावर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तराफ्यांसाठी. मासे पुरेसे जेवले.'

पपा, तो पेंढ्यातच खाली बसला आणि हसला. मग डोळे पुसले. मग परत हसला.

आज सकाळपासून तो बाहेर कापड रंगवतो आहे. कोपरापर्यंत पांढरा झाला आहे. मी ओरडले, "हात धू, जेवण निवतंय!" तर म्हणतो, "आधी पत्र लिही. उद्याचा पहिला गोळा पपांच्या नावाने."

लग्नाला सात वर्षं झाली. आजवर तो तुम्हाला ॲडमिरल साहेबच म्हणायचा.

तुम्हा दोघांची,
लिव्ही