प्रमुखबाईंचा आवाज

शुक्रवार, ६ मार्च

दुपारी तीन वाजून सत्तावीस मिनिटं. चित्रपटगृह, मधली रांग, कडेची खुर्ची. घड्याळ मुद्दाम बघितलं – तक्रार करायची तर वेळ पक्की हवी. पडद्यावर प्रमुखबाई हेलिकॉप्टरमधून उतरल्या, गॉगल काढला आणि बोलल्या. माझ्या आवाजात!

ते वाक्य मी आयुष्यात बोललेली नाही. डबिंग सोडून मला चार वर्षं झाली.

धाकट्या बहिणीने कोपर मारलं. "ताई, काय फर्मास बोललीस गं." म्हटलं, मी नाही बोलले. ती पॉपकॉर्न खात राहिली.

शनिवार, ७ मार्च

आधी सिनेमाचं मूल्यमापन, मग चोरीचं. शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, राग आला की आधी अक्षर नीट काढा.

आठवा भाग. दहापैकी चार. पाचव्याला सहा दिले होते, त्यात निदान गोष्ट होती. इथे नायक पुलावरून मोटार धरणात घालतो, धरणातून बोगद्यात, बोगद्यातून थेट शत्रूच्या दिवाणखान्यात. जाकीट कोरडं. पहिल्या भागात तो पस्तिशीचा होता. त्याला पंचवीस वर्षं झाली, तो अजून पस्तिशीचाच. फक्त आता धावताना त्याचे पाय दाखवत नाहीत. चौथ्या भागात मेलेला जुळा भाऊ परत आलाय, आणि इतके दिवस होतास कुठे, असं त्याला एक माणूस विचारत नाही. खलनायकाला जग संपवायचंय, पण त्याआधी अर्धा तास बोलायचंय. छपरांवरचा पाठलाग मात्र उत्तम. संगीत नाही, नुसत्या धापा. कामाचं माणूस दिसतंय कुणीतरी. त्याचे दोन गुण. उरलेले दोन प्रमुखबाईंचे.

प्रमुखबाई म्हणजे नायकाच्या वरिष्ठ. पहिले सहा भाग त्यांना आपल्या भाषेत मी बोलतं केलं. ओठ त्या परदेशी नटीचे, दम माझा. हसू मात्र माझं नव्हे. मला हुकमी हसता येत नाही, "हसा" म्हटलं की ठसका लागल्यासारखं काहीतरी निघतं. पहिल्या भागाला लेक सोबत आली होती, कॉलेजातली. माझी फजिती बघून ती खदखदून हसली आणि रेकॉर्डिस्टने तेच उचललं. तेव्हापासून सहाही भागांत वाक्य माझं, हसू लेकीचं, मध्ये जोड.

सातव्याच्या आधी माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला तो गेलाच. आता बोलते तेव्हा बिजागरीला तेल घालावंसं वाटतं. स्टुडिओने विचारलं, तुमच्या जागी लेकीला घेऊ का? मी खरं ते सांगितलं. आवाज पातळ आहे, वाक्य संपायच्या आत दम संपतो, हसण्यापुरती ठीक. लेक काचेपलीकडे माइकसमोर उभी होती. आमचं बोलणं तिकडे ऐकू जाण्याचं बटण माझ्या कोपराखाली दाबलं गेलं होतं. तीस वर्षं त्या खोलीत काढून ही चूक! तिने हेडफोन काढून नीट अडकवला आणि निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. सातव्याला कुणी भलतीच घेतली, पिंपात तोंड घालून बोलणारी.

सोमवार, ९ मार्च

स्टुडिओला फोन केला. नवा व्यवस्थापक. माझा आवाज ऐकून म्हणाला, "बोला काका."

काकांनी बोलून घेतलं. जुन्या ध्वनिफिती यंत्राला चारून माझा आवाज बनवलात, माझी परवानगी कुठे आहे? तो म्हणतो, यंत्र वापरलेलं नाही, माणूस बोललंय, पण कोण ते फोनवर सांगू नका असं त्या व्यक्तीचंच म्हणणं आहे. व्यक्ती म्हणे! अशी थाप तर आठव्या भागाच्या लेखकानेही मारली नसती.

मंगळवार, १० मार्च

पत्र लिहिलं. तारीख, वेळ, प्रसंग, सगळं. लेखी उत्तर शुक्रवार, २० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.

बहिणीला वाचून दाखवलं. तिने चहा गार होऊ दिला. मग म्हणाली, "पाठवू नकोस. आधी एकदा परत बघ. आणि ताई, या वेळी चुका काढू नकोस, नुसतं ऐक." हिला माझ्या भांडणांत कधीपासून मत आलं?

बुधवार, ११ मार्च

टपालपेटी वाटेतच होती. पत्र पर्समध्येच राहिलं.

गुरुवार, १२ मार्च

पुन्हा तीच खुर्ची. मोटार पुन्हा धरणात. डोळे मिटून घेतले.

शेवटाकडे प्रमुखबाई नायकाला सुनावतात – चांगलं तीन वाक्यांचं, मध्ये श्वासाला जागा नाही – आणि हसतात. तेच हसू. शुक्रवारी मला वाटलं होतं, जुनंच चिकटवलंय.

जोड नाही! सहा भाग तो जोड लपवताना रेकॉर्डिस्ट आणि मी घामाघूम झालो. आज वाक्याच्या शेवटच्या अक्षरातून, त्याच श्वासात हसू वर आलं. बोलणारी आणि हसणारी एकच. आणि दम शेवटपर्यंत पुरला. हसण्याइतका उरला.

दिवे लागले. मी नेहमी उठते. सहा भागांत माझं नाव कधी पाट्यांवर आलं नाही, म्हणून पाट्या बघायची सवय नाही. बहिणीने मनगट धरून खाली बसवलं. सफाईवाला झाडू घेऊन थांबला होता. अगदी तळाशी, प्रमुखबाईंचा आवाज म्हणून, लेकीचं नाव आलं.

चष्मा पुसला. बहिणीला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक? म्हणाली, "ती तुझे सहाही भाग घरी लावून सराव करायची. मला तू सांगू देशील तर ना."

गुण बदलले. दहापैकी साडेसहा.

शुक्रवार, १३ मार्च

स्टुडिओला लिहिलेलं पत्र फाडलं. नवं लिहिलं, आणि लगेच पेटीत टाकलं. त्याची नक्कल इथे:

आठवा भाग दोनदा पाहिला. दम पुरतो. माझं म्हणणं चुकीचं होतं. बटण दाबलेलं नसतं तरी चुकीचंच होतं. लेखी उत्तर शुक्रवार, २० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नकोस – माझ्या आवाजाचा सध्या भरवसा नाही. – आई